सईची साक्ष

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या संगतीत, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीत, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच की काय, मुलांची रविवारची शाळा माझ्या गळ्यात पडली. संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, शिकवायला चिडकंच माणूस बरं, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे श्यामकांत. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही, मला डिवचायचं आणि वर चहा मागायचा.

कोलकात्यात आम्ही मराठी ख्रिस्ती म्हणजे मूठभर घरं. आमचं घर आजोबांपासून इथलंच. बाकीची बदलीवाली, कुणी बँकेत, कुणी केंद्र सरकारच्या कचेरीत. बंगाली बोलायला जमायला लागलं की त्यांच्या बदलीची ऑर्डर येते. ढाकुरियाकडे एका बंगाली चर्चची मागची खोली रविवारी दुपारी आम्हाला मिळते, तिथे माझी शाळा भरते. मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी आणि बंगाली, आणि माझ्यासमोर या सगळ्याची खिचडी ओततात.

त्या रविवारी बायबलमधले यिर्मया आणि हनन्या चालू होते. मे महिना, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. मी सईला यिर्मया केलं आणि पडद्याचा जुना दांडा जोखड म्हणून तिच्या मानेवर ठेवला. बाबेलचा राजा त्यांच्या लोकांना धरून आपल्या देशात घेऊन गेला होता. यिर्मया जोखड घालून गावभर फिरायचा आणि म्हणायचा, अजून पुष्कळ वर्षं सोसायचं आहे, तयारी ठेवा. तेवढ्यात हनन्या येतो. तोही स्वतःला संदेष्टाच म्हणवतो. तो यिर्मयाच्या मानेवरचं जोखड काढून मोडून टाकतो आणि ओरडतो, दोन वर्षांत सगळे घरी परत! हनन्या झालेल्या विहंगने दांडा असा काही भिरकावला की पंखा वाचला हीच देवाची कृपा.

"मिस, पण हनन्या तर चांगलं बोलला ना?" विहंग म्हणाला. "लोक हॅपी झाले."

"चांगलं बोलला. खरं नाही बोलला. खोट्या संदेष्ट्याची हीच तर खोड असते बाबा, समोरच्याला काय ऐकायचंय ते त्याला बरोबर कळतं."

सई अजून उभीच होती. बारा वर्षांची, हडकुळी, दोन वेण्या. ती म्हणाली, "टीचर, मी बरी झाले."

मला वाटलं, नाटकातलंच काही बोलतेय.

"काल ब्रदर क्षितिज आले होते. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, आजार गेला. बाबांनी औषध फेकून दिलं. आता मी स्विमिंगला जाणार, पुढच्या रविवारी सकाळी. लेकवरच्या क्लबमध्ये. गॉगलपण आणला."

सईला फिट्स येतात. गेल्या पावसाळ्यात याच खोलीत, याच फरशीवर तिला फिट आली होती. मी तिला कुशीवर वळवून धरलं होतं, तोंडातून फेस येत होता, आणि बाकीची मुलं भिंतीला चिकटून रडत होती. डॉक्टरांनी आईबापाला बजावलं होतं, आग, उंची आणि पाणी यांच्यापासून पोरीला जपा. आणि ही पोर म्हणतेय, पोहायला जाणार!

"टीचर," सईने विचारलं, "मग ब्रदर क्षितिज हनन्या आहेत की यिर्मया?"

खोलीत सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, जी बाई अर्धा तास खरं बोलण्यावर घसा कोरडा करत होती, ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "वेळ झाली. डोळे मिटा, प्रार्थना करू या."

घरी आले ती धुमसतच. चप्पल काढली ती दाराला लागली.

"काय झालं? आज कोणत्या राजावर गदा?" श्यामकांतनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. हा ब्रदर क्षितिज म्हणजे तिशीतला मुलगा, न्यू टाउनला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. आठवडाभर ऑफिस, शनिवारी घरोघरी प्रार्थना. पैशाला शिवत नाही, आवाज गोड, आणि जे सांगतो त्यावर त्याचा स्वतःचा पूर्ण विश्वास. लबाड असता तर मी त्याला दारातूनच हाकलला असता. खरोखर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी लगेच मंजुषाला, सईच्या आईला, फोन लावला.

"सलाम, ताई. सईनं सांगितलं असेलच," ती घाईघाईने म्हणाली. "शनिवारी संध्याकाळी घरी उपकारस्तुती ठेवलीय. नक्की या."

"औषध बंद केलंत?"

"ताई, कुकर लावलाय. मग बोलू."

फोन बंद. आता आमच्यात उपकारस्तुती म्हणजे काय ते सांगायला हवं. घरात काही चांगलं झालं, नोकरी लागली, घर झालं, आजार गेला, की सगळ्यांना बोलवायचं, गीतं म्हणायची, आणि ज्याचं चांगलं झालं त्याने उभं राहून साक्ष द्यायची. देवाने माझ्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग सगळे आमेन म्हणतात आणि पुलाव-चिकन होतं. फार छान रीत आहे, मी तिच्यातच वाढले. पण एकदा साक्ष दिली की ती मागे घेता येत नाही. देव बरं करतो म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी औषध घेताना सापडलं, तर देवालाच खोटं पाडल्यासारखं होतं. निदान आमच्या लोकांना तसं वाटतं. म्हणजे शनिवारी ही पोर सगळ्यांसमोर उभी राहून बरी झाले म्हणाली, की तिच्या परतीच्या वाटा बंद.

रात्री काय झोप लागायची! सकाळी उठून मी यिर्मयाचा तो अध्याय पुन्हा काढला. आणि बघते तर काय, हनन्याने एवढी मोठी गोष्ट सांगितल्यावर यिर्मया आधी चिडलाच नाही. तो म्हणाला, आमेन, देव असंच करो. इतकी वर्षं मी हे वाक्य भरभर ओलांडून भांडणाकडे जात होते.

"म्हणजे त्यालाही वाटत होतं की हनन्या खरा निघावा," श्यामकांत म्हणाले.

"मलाही वाटतं हो! मला काय पोरीला फिट यायला हवीय? पण पाणी वाट बघत बसत नाही कोण खरं निघतंय त्याची."

"मग मंजुषाकडे जा. इथे माझ्यावर ओरडून काय उपयोग?"

गेले. बुधवारी दुपारी, सई शाळेत आणि तिचा बाप अभिषेक ऑफिसात असताना. त्यांचं सरकारी क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती आणि राग दुप्पट झाला होता. मंजुषाने दार उघडलं तशी मी सुरूच झाले.

"अगं, तू आई आहेस का कोण? तो सांगतो आणि तुम्ही औषध फेकता? आणि वर पोहायला पाठवता?"

तिने दार लावलं, मला स्वयंपाकघरात नेलं आणि फडताळातून टॉनिकची बाटली काढून ओट्यावर ठेवली. मुलांचं असतं ना, भूक वाढवायचं, तसलं लेबल.

"यात तेच आहे," ती म्हणाली. "फिट्सचं. अभिषेकने फेकलं त्याच दिवशी मी नवीन आणलं आणि यात ओतलं. सकाळ-संध्याकाळ देते. सईला वाटतं टॉनिक आहे."

मी तिथल्या वेताच्या मोढ्यावर बसलेच. इतकी सुटका वाटली की मला रडायला आलं. आणि पुढच्याच क्षणी परत राग. "मग शनिवारी साक्ष कसली देताय? पोरीला उभी करून खोटं बोलायला लावणार?"

"ती खोटं नाही बोलणार. तिला माहीतच नाही."

"आणि तू?"

मंजुषा ओट्याला टेकली. "ताई, तुम्ही अभिषेकला पाच वर्षं बघितलं नाहीत. नाशिकला, पुण्याला, इथे, कुठल्या कुठल्या दवाखान्यात पोरीला उचलून नेलंय त्याने. त्या शनिवारी तो हसला. मोठ्याने, पूर्वीसारखा. मी कसं सांगू त्याला? आणि ब्रदर म्हणालेत, घरात कुणी शंका घेतली तर आजार परत येतो. उद्या खरंच फिट आली तर? मी औषध देत होते हे कळलं तर? सगळे म्हणतील, आईच्या अविश्वासामुळे आली. अभिषेक म्हणेल. सईसुद्धा म्हणेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोलली तर हिच्यावर खापर, नाही बोलली तर पोर पाण्यात.

"आणि रविवारचं पोहणं?"

"सर्दी झालीय म्हणून सांगेन."

"दर रविवारी सर्दी?"

तिने डोळ्याला पदर लावला. "कुणाला सांगू नका, ताई. वचन द्या."

"मी वचन देत नाही," मी म्हटलं आणि तिने टाकलेला चहा न घेताच उठले. जिन्यातून उतरताना मला माझीच लाज वाटत होती, की निदान चहा तरी घ्यायला हवा होता.

शुक्रवारपर्यंत मी घरभर येरझाऱ्या घातल्या. वरणाला फोडणी दोनदा दिली. सई भेटेल त्याला पोहण्याचं सांगत सुटली होती. संगतीच्या ग्रुपवर तिने गॉगल घातलेला फोटो टाकला, विहंगच्या आईला फोन केला, आमच्या ह्यांनाही फोन करून सांगितलं. "आजोबा, मी रविवारी पाण्यात उतरणार, लेकचं पाणी खूप खोल असतं का?" सगळ्यांनी अंगठे आणि हात जोडलेली चित्रं पाठवली. श्यामकांत म्हणाले, जपून हं बाळा, आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत बसले.

शनिवारी मी मुद्दाम लवकर गेले. अभिषेक बाल्कनीत खुर्च्या उलगडत होता.

"अभिषेक, दोन मिनिटं बोलायचंय. सईबद्दल."

"ताई, आज नाही." तो हसून म्हणाला, पण आवाजात धार होती. "सई म्हणाली तुम्ही हनन्याचं शिकवलंत. तेव्हापासून ती विचारतेय, ब्रदर खरे की खोटे? आज आनंदाचा दिवस आहे. आज नको."

माणूस वाईट नाही हो. चार वर्षांच्या पोराइतकं स्वच्छ हसू होतं त्याच्या चेहऱ्यावर, आणि ते पुसायला मी आले होते. मी खुर्च्या लावायला हात लावला. तोवर श्यामकांत आणि बाकीचे लोक यायला लागले, पेटी निघाली, दोन गीतं झाली. ब्रदर क्षितिजने प्रार्थना केली. मग अभिषेकने साक्ष दिली. कुठल्या दवाखान्यात किती रात्री काढल्या, कसा देवाशी भांडला, ते सांगताना तो ढसाढसा रडला. अर्ध्या खोलीने डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू?

मग सई उभी राहिली. नवा फ्रॉक, वेण्यांना रिबिनी. घोकून आलेलं सगळं तिने न अडखळता म्हटलं, आणि शेवटी म्हणाली, "आणि उद्या सकाळी बाबा मला पोहायला नेणार आहेत."

"तिला जरा सर्दी आहे," मंजुषा दारातून पुटपुटली.

"मला सर्दी नाहीये," सई म्हणाली.

"आमेन!" सगळी खोली म्हणाली.

"आता मालतीताई मुलांसाठी दोन शब्द सांगतील," अभिषेक म्हणाला. नेहमीची पद्धत. त्याने ती मोडली नाही, हे त्याचं मोठेपण.

मी उभी राहिले. समोर मंजुषा, तिचे डोळे नुसते विनवत होते. तिचं गुपित फोडायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. त्यापुढचं काहीच ठरलेलं नव्हतं.

"सई बरी व्हावी, याला माझं आमेन," मी म्हटलं. "हजार वेळा आमेन. पण अभिषेक, उद्या तिला पाण्यात नेऊ नकोस. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध बंद ठेवू नकोस."

कुणीतरी पेटीचा भाता बंद केला.

"ताई," ब्रदर क्षितिज हळू आवाजात म्हणाला, "अशा शंकेतूनच आजाराला परत वाट मिळते."

"ऐकलंत?" अभिषेक उठून उभा राहिला. आता तो हसत नव्हता. "माझ्या घरात, माझ्या मुलीच्या तोंडावर तुम्ही हे बोललात. उद्या तिला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"काय?"

"मी जबाबदार. सगळ्यांसमोर सांगते, ऐकून ठेवा. या पोरीला पुन्हा फिट आली तर मालतीच्या शंकेमुळे आली म्हणा. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, तिच्या आईचं नाही, तिचं तर नाहीच. मला संगतीतून काढा, माझी शाळा काढून घ्या. मला चालेल. ओझं माझ्या मानेवर घाला, पण पोरीला पाण्यात घालू नका." मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मुलांसमोर मी कधी अशी रडले नव्हते.

श्यामकांत माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, एवढंच.

"औषध चालू आहे," मंजुषा म्हणाली.

अभिषेकने वळून पाहिलं.

"बंद झालंच नव्हतं. मी टॉनिकच्या बाटलीत भरून देते. रोज." ती दाराची चौकट धरून उभी होती. "ताईंनी काही केलेलं नाही. शंका माझी आहे. मला तुझं हसणं मोडायचं नव्हतं, आणि पोरीला मरू द्यायचं नव्हतं."

अभिषेक खाली बसला, सतरंजीवरच, खुर्ची शेजारी असून. मग त्याने सईला जवळ ओढलं. "बेटा, तू तर खरंच बोललीस ना? तुला माहीत नव्हतं ना?"

सईने रिबिनीचं टोक तोंडात घातलं आणि काढलं.

"माहीत होतं, बाबा. चव तीच आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूप हसत होतात." तिने त्याच्या शर्टाचं बटण धरलं. "मला पाण्याची भीती वाटते. मी रोज सगळ्यांना सांगायचे, मी पोहायला जाणार, मी पोहायला जाणार. मला वाटायचं, कुणीतरी मोठं माणूस नको म्हणेल. सगळे आमेन म्हणायचे."

ब्रदर क्षितिज मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. स्वयंपाकघरात पुलाव करपत असल्याचा वास यायला लागला आणि कुणीही उठलं नाही.

अभिषेकने पोरीला छातीशी धरलं. तिच्या डोक्यावरून त्याने मंजुषाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा ओरडणार.

"संध्याकाळचं दिलंस का?" त्याने विचारलं.

"नाही अजून," मंजुषा म्हणाली. "सगळे होते ना."

"मग आण," तो म्हणाला. "इथेच आण. सगळ्यांसमोर दे."